विटांचा चौथा थर

करपे बाई दगडावर चढल्या, गाडीकडे पाठ करून उभ्या राहिल्या, माझ्या खांद्यावर हात टेकला आणि हलकेच मागच्या सीटवर बसल्या. पदर खोचला, डब्याची पिशवी मांडीवर घेतली आणि रोजच्यासारखंच म्हणाल्या, "हं, सोडा सर विमान."

नऊ वर्षं मी हे वाक्य ऐकत होतो आणि नऊ वर्षं हसत होतो. त्या सकाळनंतर मात्र हसू येईनासं झालं.

आम्ही दोघंही कराडला राहायचो आणि पाडळवाडीच्या शाळेत शिकवायचो. चौतीस किलोमीटर जायचं, चौतीस यायचं, त्यातले तीस महामार्गावरून. मी सातवीला, बाई पहिलीला. बाईंचा डावा पाय लहानपणी तापात बारीक राहिलेला. खाली उभं राहून त्यांना गाडीवर बसता येत नसे. आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर एक चौकोनी दगड पडलेला होता, तो त्यांची पायरी. शाळेतून निघताना पहिलीच्या वर्गाचा तेवढाच बुटका ओटा उपयोगी पडे. मधे कुठं उतरायचं नाही हा आमचा अलिखित नियम होता, कारण उतरल्यावर पुन्हा चढायला दगड शोधावा लागे.

माझी गाडी शंभर सीसीची, बारा वर्षांची. गावातल्या गावात तिच्यासारखी गाडी नाही. पण महामार्ग चौपदरी झाल्यापासून तिचं काही खरं राहिलं नव्हतं. शेजारून कंटेनर गेला की आधी वारा आम्हाला बाहेर ढकलायचा आणि मग आत ओढायचा. हँडल दोन्ही हातांनी दाबून धरावं लागे. त्या सकाळी उंब्रजच्या पुढे एक आरामबस इतक्या जवळून गेली, की गाडी वीतभर सरकून पांढऱ्या पट्ट्यावर आली.

"सर, हळू," बाई मागून ओरडल्या.

"हळूच आहे बाई. गाडीच हलकी आहे."

"मग माझं वजन कामाला येतंय म्हणायचं!"

 मागून थोड्या वेळानं त्यांचा पाढे म्हणण्याचा आवाज आला. भीती वाटली की त्या एकोणतिसाचा पाढा म्हणत.

फाट्यावर चहाची टपरी होती. बाई गाडीवरच बसून राहायच्या, मी चहा घेऊन त्यांना एक कप नेऊन द्यायचो. त्या दिवशी टपरीवर डुबल उभा होता. शेजारच्या गावच्या शाळेत नवीन लागलेला, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा. त्यानं महिन्याभरापूर्वी मोठी मोटरसायकल घेतली होती. काळी, रुंद टायरची, मागची सीट पुढच्यापेक्षा उंच उचललेली. शेजारी माझी गाडी उभी केली की घोड्याजवळ शेळी बांधल्यासारखी दिसे.

"ठोंबरे सर, बसजवळ डुलताना बघितलं मी तुम्हाला," डुबल म्हणाला. "मागंच होतो. ही गाडी हायवेची न्हाई ओ. बांधावरनं वैरण आणायची गाडी ही."

"चालते अजून."

"चालती, पण कशी? पुढं तुम्ही, मागं बाई एका बाजूला बसलेल्या, मांडीवर पिशवी. ट्रकवाल्यांना वाटत असंल, नवी जोडी निघाली जेजुरीला."

टपरीवरची चार-पाच माणसं हसली. टपरीवाला तर किटली हातात धरून हसला. मीही हसलो. बाईंकडे पाठ होती माझी.

कप घेऊन गेलो तेव्हा बाईंनी विचारलं, "काय झालं एवढं हसायला?"

"काही नाही. डुबलचं आपलं काहीतरी."

"गोड पोरगा आहे," बाई म्हणाल्या आणि चहा फुंकून प्यायल्या.

रविवारी डुबलनं मला त्याच्या गाडीवर एक चक्कर मारायला दिली. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होतो. गाडी टोलनाक्यापर्यंत नेली आणि परत आणली. येताना एक टँकर शेजारून गेला. मी सवयीनं हँडल दाबून धरलं, अंग चोरलं. काहीच झालं नाही. गाडी आपल्या रेषेत सरळ चालत राहिली. मला हेल्मेटच्या आत मोठ्यानं हसू फुटलं, आणि मी एकटाच "अरे वा, अरे वा" म्हणत राहिलो.

तसाच शोरूममध्ये गेलो. तिथल्या मुलानं माहितीपत्रक हातात दिलं आणि विचारलं, "काका, मागं कोण बसणार? त्यावर कुठलं मॉडेल ते सांगतो."

"कोणी नाही," मी म्हणालो.

घरी येऊन बायकोला माहितीपत्रक दाखवलं. तिनं ते उलटसुलट करून पाहिलं. "चांगली आहे की. रोज तुम्ही हायवेला गेलात की जीव टांगणीला असतो माझा. घ्या," ती म्हणाली. आणि उठता उठता, "करपे बाईंना विचारलंत का?"

"विचारीन."

दसऱ्याला अजून तीन आठवडे होते. रोज सकाळी दगडाजवळ गाडी थांबवताना आज विचारू असं ठरवायचो. मग त्या "सोडा सर विमान" म्हणायच्या आणि मी सोडायचो. बाईंना निवृत्त व्हायला अडीच वर्षं उरली होती. आमच्या भागातून फाट्यापर्यंत एसटी होती, पण फाट्यापासून शाळा दीड किलोमीटर, तीही चढाची. डुबलची सीट उंच, आणि दुसरं कोणी त्या बाजूला जाणारं नव्हतं. हे सगळं मला ठाऊक होतं, म्हणूनच तोंड उघडत नव्हतं.

आणि मग मी ते वर्गात नेलं.

माझी शिकवायची रीत अशी, की गणित पुस्तकातून काढायचं नाही, गावातून काढायचं. विहिरीची खोली, छपराचा उतार, दुधाचे कॅन, काहीही. मुलांना ते आवडायचं. त्या सोमवारी मी फळ्यावर लिहिलं : 'प्रकल्प. सरांनी मोठी मोटरसायकल घ्यावी का?'

वर्ग उसळला. तौफिक मुल्ला बाकावर उभाच राहिला. "घ्या सर! काळी घ्या!"

"असं नाही चालत. आधी मोजायचं, मग बोलायचं. अंदाज म्हणजे काय?"

"निम्मं खोटं!" सगळ्यांनी एका सुरात उत्तर दिलं. हे माझंच वाक्य.

मी मुद्दे लिहून दिले. गाडीचं वजन, टायरची रुंदी, ब्रेक, एका लिटरमध्ये अंतर, वाऱ्यानं हलणं. शाळेच्या मागच्या आवारातून खाली महामार्ग दिसायचा. मोठं वाहन शेजारून गेल्यावर कोणत्या गाड्या हलतात, कोणत्या नाही, याची नोंद तिथं कुंपणाच्या आत उभं राहून ठेवायची. डुबल एका दुपारी गाडी घेऊन शाळेत येईल, तेव्हा तिची मापं घ्यायची.

पहिल्या बाकावर सानिका मदने बसायची. बोलायला कमी, लिहायला नेटकी. समास सोडल्याशिवाय ती तारीखही लिहीत नसे. पहिलीत ती करपे बाईंच्या हाताखाली शिकलेली. तिनं हात वर केला.

"सर, बाई कुठं बसणार?"

मी फळ्यावरची यादी पुन्हा वाचली.

"ते आपल्या मुद्द्यांत नाही," मी म्हणालो.

"मग न मोजता सोडायचं?"

मी खडू टेबलावर ठेवला. हात झटकले. "तुला वाटत असेल तर मोज की. मोजायला कोणी अडवलंय? बाईंनाच विचार."

ती खाली बसली आणि वहीत सहावा मुद्दा लिहिला.

बुधवारी डुबल आला. मुलांनी त्याच्या गाडीला मुंग्यांसारखं घेरलं. टेप फिरली, आकडे ओरडून सांगितले गेले. मागच्या सीटची उंची शहाऐंशी सेंटिमीटर. मग सानिकानं माझ्या गाडीची सीट मोजली : सत्त्याहत्तर. आणि मला विचारलं, "सर, तुमच्या कोपऱ्यावरचा दगड किती उंच आहे?" मी घरी जाऊन मोजला आणि दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं. बावीस सेंटिमीटर. हो, मी स्वतः पट्टी घेऊन गेलो होतो. दगडाजवळ वाकून माप घेताना शेजारच्या दुकानदारानं विचारलं, "काय सर, बांधकाम काढलं का?"

गुरुवारी दुपारच्या सुट्टीनंतर पहिलीच्या वर्गातून हसण्याचा मोठा आवाज आला. मी उठलो नाही. पुन्हा हसण्याचा आवाज आला. मग काहीतरी पडल्याचा. तेव्हा उठलो.

पहिलीच्या दारात पोचलो तेव्हा आतलं चित्र असं होतं. बाईंचं टेबल भिंतीला टेकवलेलं, त्यावर सतरंजीची घडी. ती मागची सीट. सानिकानं टेप लावून बरोबर शहाऐंशी भरवली होती. टेबलासमोर विटा रचलेल्या, दोन-दोन विटांचे तीन थर. तो आमचा दगड. स्वच्छतागृहाच्या बांधकामातून उरलेल्या विटा आवारात पडल्या होत्या, त्यातल्या मुलांनी आणल्या होत्या. आणि विटांच्या आणि टेबलाच्या मधे करपे बाई जमिनीवर बसलेल्या. सतरंजी त्यांच्याबरोबर घसरून अर्धी त्यांच्या अंगावर आलेली. एक बांगडी फुटलेली. पहिलीची चिमुरडी पोरं टाळ्या पिटत होती, त्यांना वाटलं बाई खेळ दाखवताहेत.

बाईही हसत होत्या. तोंड लाल झालं होतं, पण पोरं घाबरू नयेत म्हणून हसत होत्या. सानिका आणि तौफिक त्यांना दोन्ही बाजूंनी धरून उठवत होते.

उठता उठता त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. हसू थांबलं.

"सर, तुम्ही पाठवलंत का यांना?"

सानिकानं माझ्याकडे पाहिलं. तिच्या हातात टेप होती, तिचं टोक जमिनीवर लोळत होतं.

"मी?" मी म्हणालो. "छे हो बाई! मला काय माहीत." आणि मुलांकडे वळून आवाज चढवला. माझा आवाज कधी चढत नसे, म्हणून पहिलीची पोरं एकदम गप्प झाली. "काय चाललंय हे? बाईंना असं उभं करतात? कोणी सांगितलं तुम्हाला हे करायला?"

तौफिक काही बोलायला गेला. "सर, तुम्हीच तर…"

सानिकानं त्याचा सदरा मागून ओढला.

"चुकलं, सर," ती म्हणाली.

तिनं टेप गुंडाळली. तीन-चार वळसे नीट घातले आणि माझ्या हातात दिली.

संध्याकाळी परतताना बाई ओट्यावरून गाडीवर बसल्या, पण विमान सोडायला सांगितलं नाही. महामार्गावर एक कंटेनर गेला, गाडी डुलली. पाढाही ऐकू आला नाही. कॉलनीच्या कोपऱ्यावर दगडावर पाय टेकून त्या उतरल्या आणि पिशवी सावरत उभ्या राहिल्या.

"सर, गाडी घ्या तुम्ही."

"अहो बाई, अजून कशात काही नाही. तो मुलांचा प्रकल्प आहे नुसता."

"घ्या. ही गाडी खरंच हलते, मलाही भीती वाटते. उद्यापासून मी एसटीनं येते. आठ वीसची आहे." त्यांनी मनगटावर बांगडीनं उमटलेला ओरखडा पदरानं पुसला. "मला विचारलं असतंत ना, तर पहिल्याच दिवशी हेच सांगितलं असतं. तुम्हाला सांगायला जड गेलं असेल, ते कळतं मला."

मी हेल्मेट काढलं नव्हतं. ते काढायला हवं होतं, एवढंच त्या वेळी मनात येत होतं.

"आणि पोरीला रागवू नका," त्या म्हणाल्या. "तिनं नीट मोजलं."

शुक्रवारी मी कोपऱ्यावर गेलो. दगडाजवळ कोणी नव्हतं. दहा मिनिटं थांबलो, मग एकटाच निघालो. फाट्यापासून शाळेच्या चढावर बाई मला दिसल्या. मधल्या पुलाच्या कठड्याला टेकून दम घेत होत्या. मी गाडी थांबवली.

"बसा बाई."

"कशावरून बसू?" त्यांनी आजूबाजूला पाहिलं. खरंच, तिथं एकही दगड नव्हता. "जा तुम्ही. परिपाठाची वेळ झाली, पोरं उभी असतील."

मी गेलो.

दुपारच्या सुट्टीत मी ऑफिसात हजेरीपट भरत बसलो होतो. पहिलीच्या वर्गाकडून पुन्हा थोडा गलका ऐकू आला. टाळ्याही ऐकू आल्या. मी मान वर केली नाही. सुट्टी संपल्यावर बाहेर आलो तर पहिलीच्या ओट्याशी विटा रचून ठेवलेल्या दिसल्या. तिथं कोणी ठेवल्या, का ठेवल्या, विचारलं नाही.

शेवटच्या तासाला मुलांनी प्रकल्पाच्या वह्या दिल्या. मी त्या वर्गातच तपासायला घेतल्या. तौफिकनं पानभर गाडीचं चित्र काढलं होतं, वर मला बसवलं होतं, गॉगल घालून. त्याला आठ गुण दिले. मग सानिकाची वही उघडली. तिनं बेचाळीस गाड्यांची नोंद ठेवली होती. त्यातल्या लहान सव्वीस, वाऱ्यानं हललेल्या एकवीस. मोठ्या सोळा, हललेल्या दोन. पुढं ब्रेक, टायर, वजन, सगळं पट्टीनं आखलेल्या तक्त्यात. निष्कर्ष : 'महामार्गासाठी मोठी गाडी सुरक्षित आहे.' इतका स्वच्छ प्रकल्प मी माझ्या नोकरीत दुसरा पाहिलेला नाही.

पान उलटलं. सहावा मुद्दा तिथं होता. 'मागे बसणारे : करपे बाई. सीटची उंची ८६, दगडाची उंची २२. बाईंना चढता येते का : नाही.' त्याखाली आणखी काही ओळी होत्या.

मी लाल पेन उचललं. त्या भागाशेजारी उभी रेघ मारली, 'विषयांतर' असं लिहिलं आणि दहापैकी नऊ गुण दिले.

सुटीची घंटा झाल्यावर सगळी पोरं पळाली. सानिका मागं राहिली.

"सर, एक गुण कशाचा गेला?"

"हे आपल्या मुद्द्यांत नव्हतं, बाळ. प्रकल्पात विषय सोडायचा नसतो."

ती पानाकडे बघत राहिली. मला वाटलं, आता म्हणेल, तुम्हीच सांगितलं होतं मोज म्हणून. म्हणावं असंही वाटलं. तिला बोलताना ऐकलं असतं, तर कदाचित माझंही तोंड उघडलं असतं.

"बरं सर," ती म्हणाली आणि वही दप्तरात घातली.

शनिवारी सकाळची शाळा. प्रार्थना झाल्यावर ती माझ्या टेबलाशी आली आणि वही उघडून समोर ठेवली.

"आता विषयांतर नाही, सर. बघा."

पान उलटलेलंच होतं. जिथं सहावा मुद्दा होता, तिथं तिनं कोरा कागद चिकटवला होता. कडा इतक्या सरळ कापलेल्या की बोट फिरवलं तरच कळावं. कागदाच्या चारी बाजूंनी तिनं समासाची रेघही ओढली होती. बाई तक्त्यातून गेल्या होत्या.

ती हाताची घडी घालून उभी होती. रुसलेली नव्हती. सरांनी चूक दाखवली, ती दुरुस्त केली, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं. बारा वर्षांची मुलगी. पहिलीत असताना पाटीवरचं एक अक्षर चुकलं तरी सगळी पाटी पुसणारी, असं करपे बाईच तिच्याबद्दल सांगायच्या.

मी नऊ खोडले आणि दहा केले.

"शाब्बास," असंही म्हणालो.

दसऱ्याला गाडी आली. शाळेत नेली तेव्हा मुलांनी तिला झेंडूचा हार घातला. मुख्याध्यापकांनी नारळ फोडला. हळदीकुंकू वाहायला करपे बाईंना पुढं बोलावलं. त्यांनी पुढच्या चाकाला हळदीकुंकू लावलं, टाकीवर फूल ठेवलं. मग सहज मागच्या सीटवर तळवा ठेवला, उंची अजमावल्यासारखा.

"देखणी आहे," त्या म्हणाल्या. "सुखरूप चालवा, सर."

ओट्याशी त्या विटा तशाच होत्या. मी तिथं गाडी लावणं सोडून दिलं. पलीकडे पाण्याच्या टाकीपाशी लावू लागलो.

गाडी उत्तम निघाली. वाऱ्यानं कधी हलली नाही. पुढची अडीच वर्षं मी रोज सकाळी तिच्यावरून कोपऱ्यावरचा दगड ओलांडून गेलो आणि रोज फाट्यापुढच्या चढावर बाईंना ओलांडून गेलो. कधी पुलापाशी, कधी त्याच्या वर. त्या हात वर करायच्या. मी हॉर्न वाजवायचो. पावसाळ्यात त्यांच्या एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात काठी आली, तेव्हा हात वर करणं थांबलं. नुसती मान हलवायच्या.

त्या निवृत्त झाल्या, त्या दिवशी शाळेच्या आवारात मांडव घातला होता. सारं गाव आलं होतं. बाई बोलायला उभ्या राहिल्या. पहिलीच्या किती पिढ्या हाताखालून गेल्या ते सांगितलं, दोन-चार जणांच्या खोड्या सांगितल्या, सगळ्यांना हसवलं. शेवटी माझ्याकडे वळल्या.

"ठोंबरे सरांचे आभार मानायचे राहिले. नऊ वर्षं त्यांनी मला रोज गाडीवरून आणलं, रोज पोचवलं. एकदाही पडू दिलं नाही."

गावानं टाळ्या वाजवल्या. मांडवाच्या कडेला नववीतली सानिका उभी होती, बाईंसाठी मुद्दाम आलेली. तिनंही वाजवल्या. माझ्या गळ्यात कोणीतरी हार घातला आणि मी तो काढला नाही.

आता मलाही निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. सकाळी कॉलनीतली चार पोरं माझ्या ओट्यावर गणितं घेऊन बसतात. अजूनही मी त्यांना आधी मोजायला लावतो. एखादा उत्तर ठोकून देतो तेव्हा "अंदाज म्हणजे काय?" असं विचारायला तोंड उघडतो आणि पुढचं त्यांनाच म्हणू देतो. ती गाडी मी विकली. वहीचं काय झालं माहीत नाही. शाळेच्या कपाटात वाळवी लागली, त्यात गेली असेल. पण ते पान मला पाठ आहे. कोऱ्या कागदाखालच्या ओळींसकट. निळी शाई, शिरोरेघा पट्टीनं मारल्यासारख्या :

'सीट ९ सेंमीने उंच आहे. एक वीट साडेसात सेंमी. म्हणून आम्ही विटांचा चौथा थर लावला आणि सतरंजी दोरीने बांधली. बाईंना पुन्हा विनंती केली. बाई चढल्या. आम्ही तीन वेळा पाहिले, तिन्ही वेळा चढल्या. उपाय : सरांनी मोठी गाडी घ्यावी. कोपऱ्यावर आणि शाळेच्या ओट्याशी चार थर विटा लावाव्यात. ओट्याशी आम्ही लावल्या आहेत. बाई म्हणाल्या, सर विचारतील तेव्हा सांगू.'

हे मी शुक्रवारीच वाचलं होतं. गुण कापायच्या आधी.